बंदुकीचा दुसरा मालक

यंदाच्या गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळाने वादविवाद स्पर्धा ठेवली होती. विषय होता, नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा का? मुलं तयारी करून आली होती. एका बाजूने अमेरिकेतल्या शाळांमधले गोळीबार मांडले गेले, दुसऱ्या बाजूने भिंड-मुरैन्यातला एकट्या वस्तीवरचा शेतकरी आणि दरोडा पडून गेल्यावर पोहोचणारे पोलीस. स्पर्धा आटोपली आणि तोच वाद मोठ्यांमध्ये सुरू झाला. तो मुलांच्या वादापेक्षा कितीतरी कच्चा होता. ज्यांची मुलं टेक्ससला आहेत ते तिथल्या मोकळीकीचं कौतुक करत होते, बाकीचे त्या देशाला वेडा ठरवत होते. 'बंदूक वाईट' आणि 'बंदूक कसली वाईट, माणूस वाईट' या दोन वाक्यांपुढे कुणी गेलंच नाही. हा वाद असाच चालत राहिला तर त्यातून काहीही हाती लागणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बंदूक कुणी बाळगावी, यावर समंजस माणसांचं दुमत असू शकतं. पण एका माणसाच्या हातातून ती दुसऱ्याच्या हातात जाताना त्या दुसऱ्या माणसाची पारख व्हावी आणि व्यवहाराची नोंद राहावी, यावर दुमत असायला मला काहीच आधार दिसत नाही. दोन खासगी माणसांनी आपसांत केला म्हणून बंदुकीचा सौदा खासगी ठरत नाही, कारण त्याचा परिणाम ज्याच्यावर व्हायचा तो तिसरा माणूस त्या सौद्यात हजर नसतो. पारख आणि नोंद यांशिवायची विक्री कायद्याने बंद असावी. आणि जिथे कायदा तिला मोकळं सोडतो तिथेही ती नीतीला धरून नाही.

अमेरिकेतला कायदा नेमका काय आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही. तिथे १९६८ च्या कायद्यापासून शस्त्रांचा धंदा करणाऱ्याला केंद्राचा परवाना लागतो. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने अशा दुकानदारावर गिऱ्हाइकाची पूर्वचौकशी बंधनकारक केली आणि १९९८ पासून ही चौकशी संगणकावर तत्काळ होऊ लागली. गुन्हेगारी शिक्षा, घरगुती हिंसाचार, मानसिक आजारासंबंधीचा न्यायालयाचा आदेश, असं काही आढळलं तर विक्री थांबते. मात्र ही सक्ती फक्त दुकानदारावर आहे. जो धंदा म्हणून विकत नाही, घरातली बंदूक त्याच राज्यातल्या दुसऱ्या रहिवाशाला विकतो, त्याच्यावर केंद्राच्या कायद्याने चौकशीचं कुठलंही बंधन नाही. समोरचा माणूस अपात्र आहे हे ठाऊक असताना विकली तर गुन्हा आहे. पण ठाऊक करून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही! कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही पळवाट आपापल्या हद्दीत बुजवली, टेक्ससने बुजवलेली नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत, मागच्या दोन वर्षांत बंदूक मिळवलेल्यांपैकी २२ टक्के लोकांनी ती कुठल्याही चौकशीशिवाय मिळवल्याचं आढळलं. पाचांतला एक माणूस!

आपल्याकडे खासगी विक्रीला बंदीच आहे, असा बहुतेकांचा समज आहे. तशी बंदी नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं पाचवं कलम स्वतःच्या वापराची परवानाप्राप्त बंदूक दुसऱ्या पात्र माणसाला विकू देतं, त्यासाठी व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही. अट एवढीच की विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचा आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. जुनी स्कूटर विकताना आपण आर.सी. नावावर करून देतोच ना? न करून देणाऱ्याच्या दारात उद्या दुसऱ्याच्या अपघाताचं समन्स येतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बंदुकीबाबत हाच साधा हिशेब मांडला की लगेच स्वातंत्र्य धोक्यात येतं, हे मला कधीच पटलेलं नाही.

नोंद नसलेल्या व्यवहाराची किंमत काय असते, हे खरं तर ग्वाल्हेरला बाहेरच्याने सांगायची गरज नाही. आपल्या मराठी घरांत गांधीहत्येचा विषय निघाला की आवाज खाली जातो, पण तो टाळून या प्रश्नाबद्दल इथे बोलता येणार नाही. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला भवनात मदनलाल पाहवाने स्फोट घडवला आणि बाकीचा बेत फसला. पुण्यात 'शस्त्र भांडार' चालवणाऱ्या दिगंबर बडगेसारखा हत्यारं पुरवणारा माणूस कटात होता, तरीही हाताशी असलेली रिव्हॉल्वरं भरवशाची नव्हती. सरकारपक्षाने न्यायालयात मांडलेला पुढचा माग असा: २७ तारखेच्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला उतरले आणि दुसऱ्या रात्री परतले ते इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल घेऊन. त्याचा क्रमांक ६०६८२४. ३० तारखेला संध्याकाळी ते चाललं. नथुरामचं म्हणणं निराळं होतं. पिस्तूल आपण दिल्लीच्या निर्वासितांच्या छावणीत शस्त्रं विकणाऱ्या एका माणसाकडून घेतलं, असं त्याने सांगितलं. पिस्तूल मिळवून देणारे म्हणून ग्वाल्हेरच्या ज्या डॉक्टरांना खालच्या न्यायालयाने दोषी धरलं होतं, ते पुढे उच्च न्यायालयात सुटले. यातली कुठलीही हकिगत खरी धरा. दोन्हींत एका माणसाने दुसऱ्याच्या हाती पिस्तूल ठेवलं आणि कुठल्याही कागदावर त्याची रेघ उमटली नाही. इटलीत बनलेलं ते हत्यार कोणाकोणाच्या हातांतून इथवर आलं, याचा पुरता उलगडा अजूनही झालेला नाही.

आता विरुद्ध बाजूचं. त्यातलं काही फार वजनदार आहे आणि ते उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला मुद्दा इतिहासाचा. शस्त्रांची नोंद आणि परवाने ही आपल्याकडे स्वातंत्र्याची देणगी नाही, १८५७ नंतर धास्तावलेल्या इंग्रजांची आहे. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. ज्या शहराच्या वेशीवर राणी लक्ष्मीबाई लढता लढता पडली, तिथल्या माणसाला हा अपमान समजावून सांगावा लागत नाही. खुद्द गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात, अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांतलं सर्वांत काळं मानला जाईल, अशा अर्थाचं लिहिलं होतं. मग त्याच कायद्याच्या वारसाची मी भलामण का करावी?

कारण त्या अन्यायाचं मर्म नोंदीत नव्हतं, भेदात होतं. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांपैकी गोऱ्याला कुणी विचारायचं नाही आणि काळ्याने मात्र अर्ज घेऊन उभं राहायचं, हा तो अन्याय. स्वातंत्र्य मागणाऱ्यांनाही हे स्पष्ट होतं. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला, पण तो नियमांना आणि अटींना धरूनच. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला की तो चोराचिलटांनाही मिळेल, ही त्यांची हरकत होती. देश गुलामीतून नुकताच बाहेर आलेला, शस्त्रबंदीची जखम ताजी, बापूंच्या खुनाला वर्षही झालेलं नाही, आणि तरी सभागृहाने कामतांची दुरुस्ती स्वीकारली नाही. त्या माणसांना इंग्रजांचा कायदा आपल्याइतकाच ठाऊक होता, किंबहुना त्यातले कित्येक त्या राजवटीत तुरुंग भोगून आलेले होते.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो आपल्या अंगणातला आहे. परवाना-पद्धतीचं इथे काय झालं ते पाहा. शेजारच्या शिवपुरीत २००८ मध्ये पुरुषांनी नसबंदी करून घ्यावी म्हणून प्रशासनाने बंदुकीच्या परवान्याचं आमिष दाखवलं. ग्वाल्हेरात २०१९ मध्ये अर्जदाराला दहा झाडं लावून त्यांच्यासोबत सेल्फी काढायला सांगितलं गेलं, त्याच वर्षाच्या थंडीत गोशाळेला ब्लँकेटं देण्याची अट आली. झाडं आणि गायी दोन्हींबद्दल मला आस्था आहे, पण झाड लावणाऱ्याचा राग ताब्यात असतो हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांहून अधिक परवाने अपात्र लोकांना वाटले गेल्याचा सीबीआयचा आरोप आहे. जी यंत्रणा अशी वागते तिच्या हाती आणखी कागद कशाला द्यायचे, हा प्रश्न रास्तच आहे.

मात्र इथे दोन गोष्टींची गल्लत होते. परवाना द्यायचा की नाही, यात अधिकाऱ्याची मर्जी चालते आणि मर्जी आली की वशिला येतो, आमदाराची चिठ्ठी येते, झाडं येतात. हस्तांतराच्या नोंदीत मर्जीला जागाच नसते. विकणारा कोण, घेणारा कोण, हत्याराचा क्रमांक काय, घेणाऱ्यावर कायद्याने बंदी आहे का, बस्स. ज्याला परवानाराज नकोसं झालं आहे त्याने उलट या नोंदीचा आग्रह धरायला हवा, कारण तिथे अधिकाऱ्याला नियमाबाहेरचं काही मागताच येत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो: गुन्हेगार कुठे नोंद करून घ्यायला जातो? अमेरिकेतले आकडे पहिल्या नजरेत याच बाजूचे आहेत. तिथल्या सरकारने २०१६ मध्ये कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी जवळ बंदूक असलेल्यांपैकी जेमतेम ०.८ टक्के कैद्यांनी ती शस्त्रमेळ्यातून मिळवली होती, तर ४३ टक्क्यांनी रस्त्यावरच्या चोरट्या बाजारातून. शस्त्रमेळ्यांवर सगळं खापर फोडणाऱ्यांनी हा आकडा मान्य करावा. पण तीच पाहणी पुढे वाचावी. सुमारे २५ टक्के कैद्यांना बंदूक नातेवाईक किंवा मित्रांकडून मिळाली होती, म्हणजे बिननोंदीच्या खासगी हस्तांतरातूनच. आणि त्या ४३ टक्क्यांच्या बंदुका आल्या कुठून? तिथल्या चोरट्या बाजारातली जवळपास प्रत्येक बंदूक कधीतरी कारखान्यातून निघून दुकानात आली, तिचा पहिला मालक चौकशी होऊन ती घेऊन गेला. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाशी कुठेतरी ती उजेडातून अंधारात गेली. ती नेमकी कुठे गेली, हे शोधायला लागलेल्या पोलिसाला पहिल्या मालकाशी थांबावं लागतं, कारण तो सांगतो, "विकली कुणाला तरी, नाव आठवत नाही." आणि एवढं सांगून तो मोकळा होतो.

आपल्याकडचा कट्टा, म्हणजे गावठी बंदूक, मात्र या साखळीत बसत नाही, हे मी मान्य करतो. खरगोन, धार, बडवानी, बऱ्हाणपूरकडच्या भट्ट्यांत घडलेल्या हत्याराचा पहिला क्षणच बेकायदा असतो, आणि आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुसंख्य खून विनापरवाना हत्यारांनीच होतात. त्यावर नोंदवहीचा उपाय चालणार नाही. तिथे पोलिसी काम लागेल आणि पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडवणाऱ्या सिकलीगरांना दुसरं पोट भरण्याचं साधन लागेल. पण कट्टा बहुधा ३१५ किंवा १२ बोरचाच का असतो, याचा विचार कुणी केला आहे का? कारण त्या मापाची काडतुसं परवानाधारकाला दुकानात मिळतात. नळी भट्टीत घडवता येते, पण चांगलं काडतूस कारखान्यातूनच यावं लागतं. म्हणजे कुणीतरी लायसन्सी आपल्या कोट्यातली काडतुसं लग्नात उडवली असं सांगून दुसऱ्याला विकतो, तेव्हा कुठे कट्ट्याला तोंड फुटतं. आपल्या भागातली खरी बेलगाम खासगी विक्री ही आहे आणि तिच्याबद्दल वादविवादात कुणी अवाक्षर काढत नाही. १४ एप्रिल १९७२ ला मुरैन्याकडच्या जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर चंबळचे डाकू मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुका खाली ठेवल्या. अख्ख्या देशाने ते पाहिलं. वर्षानुवर्षं बीहडात त्यांना काडतुसं पुरवणाऱ्यांपैकी त्या मंचावर कोण चढलं होतं?

पूर्वचौकशीने खरोखर फरक पडतो का, याचं उत्तर सरळ नाही. कॅलिफोर्नियात १९९१ नंतरच्या दहा वर्षांत केवळ चौकशीच्या सक्तीने बंदुकीचे खून घटल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही. कनेक्टिकटने १९९५ मध्ये खरेदीपूर्वी स्वतः हजर राहून परवाना काढण्याची अट घातली, तिथे मात्र त्या कायद्याशी जोडता येणारी घट सुमारे ४० टक्के निघाली. मिसुरीने २००७ मध्ये तशीच अट काढून टाकली आणि खून वाढले. यावरून मी एवढंच म्हणेन की चौकशी नुसत्या बटणावर सोपवून भागत नाही, घेणाऱ्याला कुणासमोर तरी आपलं नाव सांगून उभं राहावं लागलं पाहिजे.

नोंद झाली की उद्या सरकार घरात शिरून बंदुका जप्त करील, ही भीती अमेरिकेत इतकी खोल आहे की १९८६ च्या कायद्याने तिथे केंद्रीय नोंदवही ठेवायलाच मनाई केली. ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थरच्या १९९६ च्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या, तेव्हा भीती निराधार म्हणता येत नाही. पण तो निर्णय नोंदवहीने घेतला नव्हता. ३५ माणसं मेल्यावर निवडून आलेल्या सरकारांनी उघडपणे घेतला आणि मोबदला देऊन अमलात आणला. दुसरीकडे स्वित्झर्लंड बघा. कित्येक घरांत शस्त्रं असलेला देश, सैनिकाची रायफल घरी असते, आणि तिथेही दोन नागरिकांना आपसांत शस्त्र विकायचं तर लेखी करार करून तो किमान दहा वर्षं जपावा लागतो. स्विस माणूस त्यामुळे गुलाम झाल्याचं ऐकिवात नाही.

आता विकणाऱ्याच्या नीतीकडे येतो, कारण कायद्याच्या चर्चेत ती हरवते. 'मी विकली, पुढे त्याने काय केलं त्याला मी काय करणार?' हा बचाव इतका सर्रास चालतो की तो बरोबरच आहे असं वाटू लागतं. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत १३ जणांना मारणाऱ्या दोन मुलांपाशी चार बंदुका होत्या. त्यांतल्या तीन त्यांच्या एका १८ वर्षांच्या मैत्रिणीने शस्त्रमेळ्यात खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या होत्या. चौकशी झाली असती तर आपण त्या घेतल्याच नसत्या, असं तिने नंतर साक्षीत सांगितलं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी शस्त्रमेळ्यांतली ही पळवाट बंद केली, सुमारे ७० टक्के मतांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्ससमध्ये मिडलंड-ओडेसाच्या रस्त्यांवर सात जणांना मारणारा माणूस २०१४ मध्ये दुकानातल्या चौकशीत नापास झाला होता. दुकानाने त्याला परत पाठवलं आणि एका खासगी विक्रेत्याने त्याला रायफल दिली. तो विक्रेता पुढे तुरुंगात गेला, पण परवान्याशिवाय धंदा केल्याबद्दल. फक्त ही एकच रायफल त्याने विकली असती आणि घेणाऱ्याविषयी त्याला काही ठाऊक नसतं, तर कदाचित कुठलंच कलम लागलं नसतं.

न विचारणं हे अज्ञान नसतं, ती निवड असते. ज्याला विचारायची सोय आहे, विचारायला थोडाच वेळ लागतो आणि तरीही जो विचारत नाही, त्याने उत्तर नको आहे असं ठरवलेलं असतं. तो खुनी नाही, खुनाइतकी शिक्षा त्याला व्हावी असंही मी म्हणणार नाही. पण त्याच्या हातून काहीच घडलं नाही, हे म्हणणं मरणाऱ्याच्या आईसमोर उभं राहून म्हणून दाखवावं.

ग्वाल्हेरपुरतं काय करता येईल? बंदूक इथल्या कित्येकांचं पोट आहे, हे मला माहीत आहे. भिंड-मुरैन्याची किती तरी मुलं १२ बोरच्या जोरावर दूरच्या शहरांत बँकांच्या, ए.टी.एम.च्या दारात पहारा देतात. त्यांचा परवाना काढून घ्या असं मी म्हणत नाही. मला काळजी वाटते ती लष्करमधल्या जुन्या वाड्यांची. आजोबा गेले, परवाना त्यांच्याबरोबर संपला आणि दुनाली कपाटात तशीच राहिली, अशी घरं आपल्या ओळखीत आहेत. कायद्याने ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायला हवी. २०१६ च्या नियमांत वारसाच्या नावावर परवाना करण्याचीही सोय आहे. पण वाटण्या लांबतात, भाऊ पुण्याला, बहीण इंदूरला, आणि एक दिवस ओळखीतला कुणी येऊन म्हणतो, "काका, ती पडूनच आहे, मला देऊन टाका." अशा वेळी ४५ दिवसांची लेखी सूचना कुणाला आठवते? जिल्हा प्रशासनाने मृत परवानाधारकांची यादी मृत्यूनोंदणीशी ताडून दरवर्षी या घरांना पत्रं पाठवावीत, काडतुसांच्या विक्रीचा हिशेब दुकान आणि परवाना या दोन्ही ठिकाणी ताडावा, आणि ४५ दिवसांची मूक मुदत काढून लेखी होकार आल्याशिवाय हस्तांतर होऊ देऊ नये.

ज्यांची मुलं टेक्ससला आहेत त्यांनी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. कायदा सक्ती करत नसला तरी तिथे खासगी विक्रेत्याला बंदूक घेऊन परवानाधारक दुकानात जाता येतं. थोडं शुल्क घेऊन दुकानदार घेणाऱ्याची तीच चौकशी करतो जी स्वतःच्या गिऱ्हाइकाची करतो, आणि नोंदही ठेवतो. घेणारा यायला तयार नसेल तर त्याला विकू नये.